बोगद्यापलीकडचे स्टेशन

फिलिआस फॉग २० ऑक्टोबरच्या रात्री आठच्या गाडीने मुंबईहून कलकत्त्याला निघतो. साल १८७२. ऐंशी दिवसांत जगाला फेरी घालून दाखवण्याची पैज त्याने लंडनच्या क्लबात मारलेली आहे. ज्यूल व्हर्नची ही कादंबरी जगभर वाचली गेली, अजूनही वाचली जाते. पण ठाण्या-कल्याणच्या वाचकाला तिच्यात अशी एक जागा सापडते, की पुस्तकातून डोके वर काढून शेजारच्याला सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. फॉगची गाडी साष्टी बेट मागे टाकते, ठाण्यापाशी खाडी ओलांडून मुख्य भूमीवर येते आणि कल्याणला खंडाळा-पुण्याचा फाटा उजव्या हाताला सोडून घाटाकडे लागते. व्हर्नने ही गावे नावानिशी दिली आहेत.

तो हिंदुस्थानात कधी आला नव्हता. नकाशे, वेळापत्रके, प्रवासवर्णने समोर पसरून त्याने हा मार्ग आखला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. रूळ कल्याणला पोचले पुढच्याच वर्षी. म्हणजे फॉगची गाडी तिथून गेली तेव्हा कल्याणच्या रेल्वेला अवघी अठरा वर्षे झाली होती. एके ठिकाणी मात्र व्हर्न चुकला. कल्याणनंतर तो गाडी ‘पाउवेल’ नावाच्या स्टेशनावर नेतो. हे पनवेल असणार, आणि कसाऱ्याच्या घाटाने जाणाऱ्या गाडीला पनवेल लागत नाही हे इथले शाळकरी पोरही सांगेल. चूक सापडल्याचा आनंद होतो तो वेगळाच, आणि त्या आनंदात दीडशे वर्षांपूर्वीचा फ्रेंच लेखक एकदम आपल्या डब्यातला होऊन जातो.

त्याच रुळांवरून, उलट दिशेने, मराठी विज्ञानकथेतली एक गाडीही गेली आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतली. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे, त्यामुळे देशभरातल्या मुलांनी हा प्रवास केला आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्यात एका ट्रकच्या धडकेनंतर शुद्धीवर येतात ते भलत्याच जगात. तिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून गेलेली आहे. इंग्रज हिंदुस्थानभर पसरलेच नाहीत. ते मुंबईसारख्या ठिकाणी अडकून पडले. या उलटसुलट इतिहासाचा छडा लावायला पंत मुंबईला निघतात. गाडीचे नाव जिजामाता एक्सप्रेस, आणि ती डेक्कन क्वीनपेक्षा वेगवान आहे. लोणावळा येते, घाट येतो, कर्जत येते. कल्याणला गाडी थांबत नाही, धडधडत निघून जाते. मग एक लांब बोगदा लागतो आणि तो संपल्यावर ‘सरहद’ नावाच्या लहानशा स्टेशनावर गाडी उभी राहते. गणवेशातला अधिकारी परवाने तपासत फिरतो. ब्रिटिशांचे राज्य इथून सुरू होते.

बोगद्याचे नाव कथेत नाही. कल्याणकराला ते सांगावेही लागत नाही. कल्याण सोडून मुंबईकडे जाताना लांब बोगदा एकच: पारसिकचा. १९१६ साली तो वाहतुकीला खुला झाला, लांबी सव्वा किलोमीटरहून जास्त. कल्याण-डोंबिवलीच्या कित्येक पिढ्यांनी फास्ट लोकलच्या दारात लटकून तो पार केला आहे. अंधार व्हायचा, कानात दडा बसायचा, गाडीचा आवाज दुप्पट होऊन अंगावर यायचा, मोबाइलवरचे बोलणे अर्ध्यात तुटायचे. आणि मग एकदम उजेड, कळवा, खाडीचा पूल, ठाणे. रोजच्या त्या उजेडाच्या जागी नारळीकरांनी दुसऱ्या देशाची हद्द आणून ठेवली. कथा वाचल्यानंतर तो बोगदा पहिल्यासारखा राहत नाही.

इतिहासाची आवड असलेला ठाणेकर इथे एक शंका काढेल, आणि ती रास्त आहे. मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये घेतला, १७३९ मध्ये वसई घेतली, आणि साष्टी पेशव्यांकडे आली. इंग्रजांनी ठाणे काबीज केले ते १७७४ च्या डिसेंबरात, म्हणजे पानिपतानंतर तेरा वर्षांनी, पुण्याच्या दरबारात भाऊबंदकी माजली असताना. मग पानिपत जिंकलेल्या मराठ्यांनी साष्टी जाऊ दिली असती का? सरहद्द माहीमच्या खाडीपाशीच राहायला हवी होती, ठाण्याच्या नव्हे. जो किल्ला आज ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग आहे, त्याच्यावर त्या जगात कोणाचे निशाण असते? नारळीकरांच्या पंधरा-वीस पानांनी वाचकाला इतका विचार करायला लावला, यातच त्या कथेचे मोठेपण आहे. कथा संपते तरी हिशेब चालू राहतो.

जुन्या विज्ञानकथांचे आकर्षण टिकते कशाने, या प्रश्नाचे उत्तर शोधायला या दोन गाड्या पुरतात. दोन्हींत ओळखीचा रस्ता आहे, ओळखीची स्टेशने आहेत. बदललेली गोष्ट एकच. व्हर्नच्या गाडीत ती काळाच्या मापाची आहे: महिनोन्‌महिने लागणारा प्रवास आगगाडीने आणि आगबोटीने दिवसांत मोजायला लावला. नारळीकरांच्या गाडीत ती एका गोळीची आहे. बाकी सारे जसेच्या तसे. पंत तिथेही मुंबईत टाउन हॉलच्या ग्रंथालयात जातात आणि बखर चाळतात. अभिजात विज्ञानकथा एकच खिळा हलवते, आणि मग सगळे घर कसे सरकते ते धीराने, तर्काने दाखवत जाते. ज्या कथांनी सगळेच खिळे एकदम काढले, त्या वाचकांनी केव्हाच बाजूला ठेवल्या.

भविष्य अचूक सांगितले म्हणून ही पुस्तके टिकली, असा एक समज आहे. तो तपासून पाहिला की फारसा टिकत नाही. व्हर्नच्या ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ या १८६५ च्या कादंबरीत तिघे जण फ्लॉरिडातून चंद्राकडे झेपावतात. शंभर वर्षांनी अपोलोचे तीन अंतराळवीरही फ्लॉरिडातूनच निघाले. हे साम्य सगळे सांगतात. पण व्हर्नची माणसे तोफेतून उडवलेली आहेत, आणि तसल्या धक्क्याने त्यांचा पहिल्या क्षणीच चुराडा झाला असता हे कोणी आवर्जून सांगत नाही. जॉर्ज ऑर्वेलचे १९८४ येऊन गेले. आर्थर क्लार्क आणि स्टॅन्ली कुब्रिक यांचे २००१ येऊन गेले. गुरूकडे माणसांचे यान काही निघाले नाही. ‘ब्लेड रनर’ या १९८२ च्या चित्रपटातला नोव्हेंबर २०१९ आपण सर्वांनी आपापल्या घरी घालवला. तारखा उलटल्या, भाकिते चुकली, आणि पुस्तके व चित्रपट मात्र जागच्या जागी आहेत. पंचांग जुने झाले की फेकतात. ही पुस्तके कोणी फेकली नाहीत, कारण ती पंचांग म्हणून कोणी वाचलीच नव्हती.

मराठीत ही वाट कशी पडली, तेही पाहण्यासारखे आहे. ती पुण्या-मुंबईत सुरू झाली नाही. कोचीनहून निघणाऱ्या ‘केरळ कोकिळ’ या मराठी मासिकात १९०० साली व्हर्नची चांद्रसफर ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने क्रमशः येऊ लागली. संपादक होते कृष्णाजी नारायण आठल्ये. कऱ्हाडकडचा माणूस मलबारच्या किनाऱ्यावर बसून मराठी वाचकांना चंद्रावर नेत होता, हे दृश्य मनात आणले तरी हरखून जायला होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रीधर बाळकृष्ण रानडे यांनी ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र कथा लिहिली; मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात पहिल्या स्वतंत्र कथेचा मान बहुधा तिलाच दिला जातो.

मग आले भा. रा. भागवत. आज पन्नाशी-साठीत असलेल्या मराठी वाचकाला व्हर्न भेटला तो भागवतांच्या हातून. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. या शेवटच्या नावापाशी जरा थांबायला हवे. धूमकेतूला ‘शेंडेनक्षत्र’ म्हणणे हा जुना मराठी शब्द, आणि त्याला जोडलेले ‘मुक्काम’ पोस्टकार्डावरच्या पत्त्यातले. मुक्काम अमुक, तालुका तमुक, तसे मुक्काम शेंडेनक्षत्र! दोन शब्दांत भागवतांनी आकाशातली वस्तू पोस्टमनच्या थैलीत आणून टाकली. उडत्या तबकडीवरून त्यांनी ‘उडती छबकडी’ केली, तीही याच हातोटीने. व्हर्नचे इंग्रजी अनुवाद पुष्कळ आहेत, त्यांतले जुने अनेक कोरडे आणि काटछाट केलेले. भागवतांच्या व्हर्नला मात्र घरचा वास आहे. त्यांनीच घडवलेल्या फास्टर फेणेवर २०१७ मध्ये चित्रपट निघाला आणि भागवतांचे नाव पुन्हा ऐकू आले. त्यांच्या व्हर्नकडे अजून तितके लक्ष गेलेले नाही.

मधल्या काळात अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाने अद्भुताची आवड जोपासली. नारायण धारपांची ओळख भयकथांचे लेखक अशी असली, तरी ‘नेनचिम’सारख्या कादंबरीत ते थेट विज्ञानकथेच्या मुलखात शिरले होते. रहस्य आणि विज्ञान घेऊन येणारा ‘धनंजय’सारखा दिवाळी अंक घरी आला की आधी कोणी वाचायचा यावरून भावंडांत होणारी ओढाताण बऱ्याच घरांनी पाहिली आहे.

१९७४ ची गोष्ट तर सर्वांना ठाऊक असावी अशी आहे. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. नंतर कळले की जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी लावली होती. तेव्हा ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, पद्मभूषण मिळवलेले होते, त्यांचे नाव पाहून परीक्षकांनी भुलू नये म्हणून ही काळजी. ‘ब्लॅक होल’ हे नाव जगात रूढ झाले १९६७ च्या सुमारास, आणि सात वर्षांत ते ‘कृष्णविवर’ होऊन मराठी कथेच्या मथळ्यावर बसले होते. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी आपल्या भाषणात या नव्या लेखनाची दखल घेतली. लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि ‘व्यासपर्व’च्या लेखिका असलेल्या दुर्गाबाईंना यात दम आहे हे ओळखू आले, ही त्यांच्या नजरेची पारख. तिथून २०२१ पर्यंत यायला सेहेचाळीस वर्षे लागली. त्या डिसेंबरात नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष स्वतः नारळीकर होते, पण प्रकृतीमुळे ते तिथे जाऊ शकले नाहीत. अध्यक्षाची खुर्ची त्या दिवशी त्यांच्याविना राहिली.

या खुर्चीवरून पुन्हा गंगाधरपंतांकडे वळावे लागते. पंतांना सभांचे अध्यक्षपद भूषवण्याची सवय. हजाराव्या अध्यक्षीय भाषणाच्या ते अगदी जवळ आलेले. त्या दुसऱ्या जगात आझाद मैदानावर सभा चालू आहे आणि व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे, कारण तिथल्या लोकांनी अध्यक्ष ही पद्धतच बंद केली आहे. पंतांना राहवत नाही. ते वर चढून खुर्चीत बसतात, श्रोते संतापतात, वस्तू फेकू लागतात. मराठी माणसाने यापेक्षा अचूक मराठी विज्ञानकथा कुठली लिहावी? पानिपत, बखर, ग्रंथालय आणि सभेचा अध्यक्ष. कथेत पुंज भौतिकी आहे, गणित आहे, पण पकड बसते ती या चार गोष्टींनी. ‘उजव्या सोंडेचा गणपती’त क्रिकेटचे मैदान आणि देवघरातली मूर्ती एका भूमितीच्या कोड्यात गुंफल्या आहेत. मुंबईत बर्फ पडू लागते अशी सुरुवात असलेली त्यांची कथा हवामानबदलाची चर्चा घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी लिहिलेली आहे. नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉयल हेही विज्ञानकादंबरीकार होते. ‘द ब्लॅक क्लाउड’ ही त्यांची १९५७ ची कादंबरी. गुरूची वाट शिष्याने घेतली, पण चालताना पायात कोल्हापुरी घातली.

नारळीकर एकटे नव्हते. लक्ष्मण लोंढे बँकेत नोकरी करत कथा लिहीत होते; त्यांची ‘दुसरा आइनस्टाइन’ इंग्रजीतही गेली, आणि चिंतामणी देशमुखांबरोबर त्यांनी ‘देवांसि जिवे मारिले’ ही कादंबरी लिहिली. बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण साधू यांनी आपापल्या परीने हे दालन वाढवले. शुभदा गोगटे यांचा उल्लेख वेगळा करायला हवा. ‘यंत्रायणी’सारखे विज्ञानकथालेखन करणाऱ्या या लेखिकेने ‘खंडाळ्याच्या घाटासाठी’ ही कादंबरीही लिहिली, बोरघाटातून रूळ नेणाऱ्या माणसांची. व्हर्नने कल्याणला उजव्या हाताला सोडलेला फाटा तो हाच.

अभिजात म्हणवणाऱ्या पाश्चात्त्य विज्ञानकथेत एक उणीव उघड दिसते. व्हर्नच्या चांद्रयानात बाई नाही. आयझॅक असिमोव्हच्या ‘फाउंडेशन’च्या पहिल्या पुस्तकात ती शोधावी लागते. आणि या सगळ्या परंपरेचा पाया घातला तो अठरा वर्षांच्या एका मुलीने! मेरी शेलीने १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली. उन्हाळा नावापुरता, आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट होऊन युरोपात थंडी, पाऊस आणि अंधार पसरला होता. पुस्तक आले १८१८ मध्ये. ज्याने त्यावरचे चित्रपटच पाहिले आहेत त्याला वाटते, ही राक्षसाची गोष्ट. पुस्तक वाचल्यावर कळते की व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनचा खरा अपराध वेगळा आहे. आपण घडवलेल्या जिवाने डोळे उघडल्याबरोबर तो त्याला टाकून पळून जातो. निर्मिती केली, जबाबदारी नाकारली.

डोंबिवलीच्या वाचकाला हे दूरचे वाटणार नाही. २०१४ मध्ये या शहराने हिरवा पाऊस पाहिला, फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झालेला पाहिला. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी तिथल्या रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, माणसे मेली, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. ज्या घरात खिडकीची काच अंगावर आली त्या घरात दोनशे वर्षांपूर्वीची ती कादंबरी ताज्या वर्तमानपत्रासारखी वाचता येते. रसायने हवीत, कारखाने हवेत, रोजगार हवा. पण घडवणाऱ्याने पळून जायचे नाही, एवढेच मेरी शेली सांगत होती.

आणि यंत्रमानवाचे काय? ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेकच्या १९२०-२१ च्या चेक नाटकातून जगभर गेला. मूळ शब्दाचा अर्थ सक्तीचे काम. मराठीत त्याला आयता शब्द आहे: वेठ. रोबो म्हणजे वेठबिगार. हे कळले की चापेकचे नाटक यंत्रांविषयी कमी आणि राबवून घेण्याविषयी जास्त आहे हेही कळते. नारळीकरांनी १९८६ च्या ‘वामन परत न आला’मध्ये हाच धागा पुराणाला बांधला. जमिनीत खोल पुरलेली, एका पुढारलेल्या प्राचीन संस्कृतीची ठेव सापडते. तिच्यातल्या माहितीवरून वामन नावाचा यंत्रमानव तयार होतो. आणि ती संस्कृती नाहीशी कशाने झाली, हे उमगता उमगता वाचकाच्या पोटात गोळा येतो. तीन पावलांची मागणी ऐकून बळी गाफील राहिला, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आज जे काही बोलले जाते त्यातले बरेचसे या कादंबरीत आधीच येऊन गेले आहे, आणि ही आजच्या तरुणांच्या हाती असायला हवी.

चित्रपटांकडे वळले तर पुन्हा तीच रेल्वे भेटते. कल्याणहून कर्जत आणि तिथून खोपोली. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या १९७७ च्या चित्रपटात हिंदुस्थानातला एक प्रसंग आहे. पडद्यावर नाव येते धरमशालेचे. चित्रीकरण झाले खोपोली-खालापूरजवळच्या हाळ गावी. शेकडो माणसे जमिनीवर बसून पाच सुरांची एक धून पुन्हा पुन्हा आळवत आहेत. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो इथे नट म्हणून उभा आहे, शास्त्रज्ञाच्या भूमिकेत. हे सूर आले कुठून, असे गर्दीला विचारले जाते. उत्तर शब्दांत येत नाही. एका क्षणात सगळ्यांचे हात वर जातात आणि सगळी बोटे आकाशाकडे रोखली जातात.

त्या एका दृश्यासाठी हा चित्रपट पुन्हा पाहावा. ना तबकडी दिसते, ना परग्रहवासी. रायगड जिल्ह्यातली साधी माणसे, त्यांचे हात आणि वर मोकळे आकाश. पन्नास वर्षांत संगणकाने केलेल्या करामती कुठल्या कुठे गेल्या, आणि त्या हातांनी येणारा शहारा आहे तसा आहे.

जुने चित्रपट टिकतात ते अशा संयमाने. कुब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये पहिला संवाद ऐकू येईपर्यंत जवळजवळ पंचवीस मिनिटे जातात. अपोलो चंद्रावर उतरण्याच्या वर्षभर आधी, १९६८ मध्ये आलेल्या या चित्रपटाने अंतराळात आवाज नसतो हे तथ्य पाळले, आणि ती शांतताच भीतीदायक ठरली. ‘ज्युरासिक पार्क’ १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन आला तेव्हा इंग्रजी चित्रपटाकडे कधी न फिरकलेली कुटुंबे आजी-आजोबांसह थिएटरात गेली. दोन तासांच्या त्या चित्रपटात डायनोसॉर दिसतात ते सारे मिळून सुमारे पंधरा मिनिटे. बाकी वेळ प्रेक्षक पेल्यातल्या पाण्यावर उठणारे तरंग पाहत बसतो.

मराठी चित्रपटाने मात्र या बाबतीत निराशा केली आहे. सुजय डहाकेचा ‘फुंतरू’ २०१६ मध्ये आला, तो धाडसाचा होता. त्याच्यासारखे आणखी शोधायला गेले तर यादी लवकर संपते. पैशाचे कारण दिले जाते. ते पटत नाही. क्रिस मार्करचा ‘ला जेते’ हा १९६२ चा फ्रेंच लघुपट अठ्ठावीस मिनिटांचा आहे आणि जवळजवळ सगळा स्थिर छायाचित्रांचा आहे. काळप्रवासावरचा त्याच्याइतका चटका लावणारा चित्रपट मोठमोठ्या स्टुडिओंनाही जमलेला नाही. गंगाधरपंतांच्या कथेला काय लागते? एक आगगाडी, एक बोगदा, एक जुने ग्रंथालय, एक मैदान आणि एक रिकामी खुर्ची. एकांकिकांच्या स्पर्धा गाजवणाऱ्या ठाण्या-डोंबिवलीच्या मुलामुलींनी हे मनावर घ्यावे. आकाशयानाची गरज नाही.

वाचनाची सोय या पट्ट्यात कधी कमी नव्हती. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, व्हर्नच्या चांद्रकादंबरीपेक्षा एका वर्षाने मोठे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, म्हणजे एच. जी. वेल्सच्या ‘टाइम मशीन’पेक्षा दोन वर्षांनी मोठे. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या आदानप्रदानाचा उपक्रम घेतला तेव्हा लोक पिशव्या भरभरून आले. अडचण आहे ती पुस्तकांच्या बाजूने. मराठी विज्ञानकथांची कित्येक पुस्तके नव्याने छापली जात नाहीत. इंग्रजी शाळेत शिकलेली मुले व्हर्न, वेल्स, असिमोव्ह इंग्रजीतून वाचतात आणि भागवत, लोंढे, गोगटे त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. प्रकाशकांनी हे संच पुन्हा काढावेत, चांगल्या कागदावर, प्रथम प्रकाशनाचे साल देऊन. साल महत्त्वाचे आहे. ‘कृष्णविवर’ १९७४ चे आहे हे कळल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

आवड मात्र जिवंत आहे, याची खूण शनिवारी रात्री दिसते. खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला वांगणीला जाणारी माणसे कर्जत लोकलमध्ये भेटतात. खांद्याला सॅक, हातात चटई, बरोबर उत्सुक पोरे. बदलापूर मागे पडले की शहराचा उजेड विरळ होतो. वांगणीला उतरून अंधारात पाठ टेकली की हाळ गावच्या माणसांनी बोटे रोखली होती तेच आकाश वर असते.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्यानंतर बरेच लिहिले गेले, ते बहुतेक शास्त्रज्ञाविषयी होते. कथाकाराला वाचण्याचे काम वाचकांचे आहे, आणि त्याला फार वेळ लागत नाही. पुण्याहून एक्सप्रेसने याल तेव्हा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ सोबत घ्या. पहिली पाने घाटात वाचून होतील. मुंबईच्या प्रवासाचे पान मात्र कल्याण सुटल्यावर उघडा. पारसिकचा बोगदा यायला तिथून दहा-पंधरा मिनिटे असतात.